खानेसुमारीच्या दप्तरातून पूर्वजांचा माग

आजोबांचे आजोबा कोणत्या गावचे आणि ते पोटासाठी काय करीत, हा प्रश्न एकेकाळी निवांत दुपारी, घरातल्या वडीलधाऱ्यांशी गप्पा मारताना निघत असे. २०२३ सालापासून मराठवाड्यातील अनेक घरांत तो शिक्षण आणि नोकरीचा प्रश्न झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामाच्या राजवटीतील कागदांत ज्यांच्या पूर्वजांची 'कुणबी' अशी नोंद सापडेल त्यांना तसा दाखला देण्याची कार्यपद्धती ठरविणे, हे तिचे काम होते. त्या ऑक्टोबरअखेर समितीचा पहिला अहवाल आला. सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून ११ हजार ५३० नोंदी हाती लागल्याचे सरकारने सांगितले.

हा शोध चालू असताना एक प्रश्न वारंवार विचारला गेला. इंग्रजांनी आणि निजामाने दर दहा वर्षांनी खानेसुमारी केली, त्यात प्रत्येक माणसाची जात, धंदा, जन्मठिकाण विचारले, मग ती पत्रके उघडून पाहिली की काम संपत नाही का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र निराशा करणारे आहे. ती पत्रके आज अस्तित्वात नाहीत. उरले आहेत ते छापील अहवाल आणि तक्ते. त्यांत माणसांची संख्या आहे, माणसांची नावे नाहीत.

या एका गोष्टीची कल्पना नसल्याने अनेक कुटुंबांचा वेळ आणि पैसा वाया जातो. उलट टोकाला, या अहवालांत नाव नाही म्हणजे ते निरुपयोगी, असे मानून त्यांना हातच न लावणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही समज चुकीचे आहेत.

नावे जपणारा देश

जुन्या जनगणनेतून पूर्वज शोधण्याची कल्पना आपल्याकडे आली ती मुख्यत्वे इंग्लंड-अमेरिकेच्या उदाहरणावरून. ब्रिटनमध्ये पहिली जनगणना १८०१ साली झाली. पण प्रत्येक व्यक्तीचे नाव असलेली आणि देशभर जपून ठेवलेली पहिली जनगणना १८४१ची. तीत प्रौढांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली जात, त्यामुळे ३८ वर्षांचा माणूस ३५चा दिसतो. १८५१पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे गाव हे रकाने आले आणि वंशावळ शोधणाऱ्यांना खरा खजिना मिळाला.

या रकान्यांतून स्थलांतर कसे वाचतात, हे पाहण्यासारखे आहे. समजा, एका घरात बाप शेतमजूर. त्याचा थोरला मुलगा एका खेड्यात जन्मलेला, मधली मुलगी दुसऱ्या खेड्यात, धाकटा गिरणीच्या शहरात. मुलांची वये आणि जन्मगावे शेजारी शेजारी मांडली की कुटुंब कोणत्या वर्षांच्या दरम्यान कोठून कोठे गेले, हे कोणी न सांगता कळते. पुढच्या जनगणनेत तोच बाप 'गिरणी कामगार' म्हणून भेटतो. शेतमजुरासाठी गणक 'ॲग लॅब' असे दोन तोकडे शब्द लिहीत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील पत्रकांत ते इतक्या वेळा येतात की अभ्यासकांत तो एक नेहमीचा विनोद झाला आहे.

ब्रिटनमध्ये ही पत्रके शंभर वर्षे गोपनीय ठेवतात आणि मग खुली करतात. १९२१ची पत्रके जानेवारी २०२२मध्ये खुली झाली. तिच्यात मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाणही आहे. पुढच्या दशकाची वाट पाहण्यात मात्र अर्थ नाही. १९३१ची इंग्लंड-वेल्सची पत्रके डिसेंबर १९४२मध्ये आगीत जळाली आणि १९४१ साली महायुद्धामुळे गणनाच झाली नाही. अमेरिकेत ७२ वर्षांचा नियम आहे, त्यानुसार १९५०ची पत्रके एप्रिल २०२२मध्ये खुली झाली. तेथेही १८९०ची बहुतेक पत्रके १९२१च्या आगीने गिळली. आयर्लंडची कथा अधिक दुःखद. १८२१ ते १८५१ची बहुतेक पत्रके १९२२मध्ये यादवीत डब्लिनच्या दप्तरखान्याबरोबर भस्मसात झाली आणि १८६१ ते १८९१ची सरकारनेच नष्ट केली. आयर्लंडच्या या चार दशकांत जे झाले, तेच हिंदुस्थानात नियम म्हणून झाले.

रात्रीची गणना आणि रंगीत चिठ्ठ्या

हिंदुस्थानात १८७२च्या सुमारास झालेली गणना सर्व प्रांतांत एकाच वेळी झाली नव्हती. संपूर्ण देशाची एकाच दिवशी झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ची. त्यानंतर १८९१, १९०१, १९११, १९२१ आणि १९३१ अशी ती नियमाने होत गेली. मोजणीची रात्र ठरविताना शक्यतो चांदणे पाहिले जाई, कारण गणकाला एका रात्रीत साऱ्या घरांची फेरी पुरी करायची असे. पाटील, कुलकर्णी, तलाठी, शाळामास्तर अशांकडे हे काम येई, बहुधा बिनमोबदला. काही आठवडे आधी घरांवर क्रमांक घालून पत्रके भरून ठेवली जात आणि ठरलेल्या रात्री मेलेल्यांची नावे खोडून, जन्मलेल्यांची व पाहुण्यांची घालून ती पक्की केली जात.

पत्रकात नाव, धर्म, जात, वय, विवाहित की अविवाहित, मातृभाषा, जन्मठिकाण, धंदा, अक्षरओळख असे रकाने असत. म्हणजे आज शोधणाऱ्याला जे हवे ते बहुतेक सारे त्या कागदावर होते. अपवाद स्त्रियांचा. घरच्यांनी स्त्रीचे नाव सांगण्यास हरकत घेतली तर आग्रह धरू नये, 'स्त्री' एवढेच लिहावे, अशी सूचना गणकांना असे. कागद टिकले असते तरी कित्येक पणज्या त्यांत निनावीच राहिल्या असत्या.

पुढे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी या पत्रकांवरून आकडे काढले जात. १९०१मध्ये त्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसाची माहिती एका लहान चिठ्ठीवर उतरवायची, धर्मागणिक चिठ्ठीचा रंग वेगळा ठेवायचा आणि मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे निरनिराळ्या खणांत टाकून मोजायचे. यंत्राशिवाय कोट्यवधी माणसांची वर्गवारी करण्याची ही युक्ती होती. तक्ते तयार झाले, अहवाल छापला गेला की पत्रके आणि चिठ्ठ्या यांचे काम संपे. जागा अडते म्हणून त्या नष्ट केल्या जात. सरकारला हवी होती ती प्रजेची संख्या, तिची जातवार आणि धंदेवार मांडणी. माणसाचे नाव ही मोजणीत चूक होऊ नये म्हणून ठेवलेली खूण होती.

मराठ्यांच्या राज्यातही गावागावांतील घरांची जातवार मोजणी होत असे आणि तिला 'खानेसुमारी' हाच शब्द होता. तिचे काही कागद पेशवे दप्तरात आहेत. गणना ही इंग्रजांनीच आणली, हा समज त्यामुळे दुरुस्त करावा लागतो.

अहवाल काय सांगतात

नावे नसली तरी छापील अहवालांतील 'जन्मठिकाण' हा तक्ता पूर्वजांच्या वाटचालीचा नकाशा आहे. मुंबईकरांना त्याचा सर्वाधिक उपयोग. १९२१ साली मुंबई शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार ९१४ होती आणि तीत शहरातच जन्मलेले साधारण सहांत एक. बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्हा सर्वांत पुढे. शहरातील दर पाच माणसांत जवळपास एक रत्नागिरीत जन्मलेला. हजार पुरुषांमागे स्त्रिया ५३०च्याही आत होत्या. गिरणीत, गोदीत, घरकामाला आलेला पुरुष बायकोमुलांना गावी ठेवून खोलीत दाटीवाटीने राहत होता, हे या एका आकड्यात दिसते. 'आजोबा मुंबईला होते आणि आजी गावाला' ही कोकणातल्या घराघरांतील आठवण म्हणजे त्या शहराची सर्वसाधारण स्थिती होती.

कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या हकिकती तपासायलाही हे आकडे उपयोगी पडतात. मुंबईची लोकसंख्या १८६४मध्ये ८ लाख १६ हजार होती. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची ही गर्दी. तेजी ओसरली आणि १८७२मध्ये आकडा ६ लाख ४४ हजारांवर आला. पुढे १८९१मध्ये तो ८ लाख २१ हजार झाला, तर १९०१मध्ये पुन्हा घटून ७ लाख ७६ हजार. १८९६मध्ये आलेल्या प्लेगने माणसे मारली आणि त्याहून अधिक पळवून लावली. म्हणून एखाद्या घरात 'पणजोबा प्लेगच्या पहिल्या साली मुंबईत आले' असे सांगत असतील तर जरा थांबून विचारावे. त्या हिवाळ्यात मुंबईतून बाहेर जाणाऱ्यांची रीघ लागली होती. बहुधा ते आधी आलेले असतील, प्लेगात गावी परतले असतील आणि नंतर पुन्हा आले असतील. 'प्लेगात आम्ही गावी गेलो' आणि 'प्लेगनंतर आम्ही मुंबईत आलो' या दोन वाक्यांची पुढच्या पिढ्यांत सरमिसळ सहज होते. १८७६-७८ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ, १९१८चा इन्फ्लुएन्झा यांचेही असेच. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतील लोकसंख्या १९११मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख होती. १९२१मध्ये ती २ कोटी ८ लाखांवर आली. त्या दहा वर्षांत ज्या शाखेचा धागा तुटतो, ती परगावी गेली असेल असे धरून चालण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

जन्मठिकाणाच्या तक्त्याला एक मर्यादा आहे. तो फक्त पहिल्या पिढीचे स्थलांतर दाखवितो. सोलापुरात जन्मलेले विणकराचे मूल सोलापूरचेच मोजले जाते. त्याचा आजा तेलंगणातून आला होता, हे तेथे दिसत नाही. अशा वेळी शेजारचा मातृभाषेचा तक्ता पाहावा. सोलापुरातील तेलुगू भाषकांची संख्या आणि तेलुगू मुलुखात जन्मलेल्यांची संख्या यांतील फरक म्हणजे आधीच्या पिढ्यांत येऊन स्थायिक झालेली वस्ती. उत्तरेतून, विशेषतः १८५७च्या धामधुमीनंतर, मालेगाव-भिवंडीकडे आलेल्या मोमीन विणकरांचा माग काढतानाही हीच रीत कामास येते.

धंद्याच्या तक्त्यांबाबत मात्र सावध राहावे लागते. १९०१च्या गणनेत धंद्यांचे ५२० गट होते, १९११मध्ये ते १६९ केले गेले. म्हणजे दहा वर्षांत एखाद्या तालुक्यातील कारागिरांची एक जमात नाहीशी झालेली दिसली तर ती खरोखर नाहीशी झाली की दुसऱ्या खणात गेली, हे आधी पाहिले पाहिजे. त्यातच परंपरेचा धंदा आणि प्रत्यक्षाचे काम यांचा घोळ. कुंभार जातीचा माणूस गिरणीत बॉयलरवर काम करीत असला तरी 'धंदा काय' या प्रश्नाला घरच्यांनी कोणते उत्तर दिले आणि गणकाने काय लिहिले, हे सांगता येत नाही. स्त्रियांचे शेतातील आणि घरच्या धंद्यातील काम कधी मोजले गेले, कधी नुसतेच 'अवलंबित' म्हणून सोडून दिले गेले. व्याख्या दर दशकाला बदलत राहिली.

जिल्ह्यांच्या हद्दींचीही गफलत होते. जुना रत्नागिरी जिल्हा आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग सामावून घेतो. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. सावंतवाडी मात्र संस्थान असल्यामुळे तिचे आकडे निराळे येतात. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. जालना औरंगाबादेत, लातूर उस्मानाबादेत शोधावे लागते आणि ते सारे मुंबई इलाख्याच्या अहवालात नव्हे, हैदराबाद संस्थानच्या अहवालात. वऱ्हाडचे आकडे १९११पासून मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्या खंडांत आहेत. वऱ्हाडची पहिली गणना तर १८६७मध्येच झाली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात जुने अहवाल पाहता येतात. देशाच्या जनगणना खात्यानेही आपल्या संकेतस्थळावर ते मोठ्या प्रमाणावर ठेवले आहेत.

आकड्यावरून दाखला निघत नाही

मराठवाड्यातील वादाचे मूळ येथेच आहे. हैदराबाद संस्थानच्या जुन्या अहवालांत आणि गॅझेटिअरमध्ये कुणबी किती, मराठा किती, याचे आकडे आहेत. ते पाहून एका बाजूने म्हटले गेले, की त्या वेळी कुणबी म्हणून मोजलेली एवढी माणसे गेली कोठे? त्यांचे वंशज आजही याच गावांत आहेत. त्यात तथ्य आहे. एका गणनेत कुणबी म्हणून नोंदले गेलेले पुढच्या गणनेत मराठा म्हणून नोंदले जात होते आणि दोहोंतील सीमारेषा आखणे कठीण आहे, हे त्या काळच्या अहवालकारांनीच लिहून ठेवले आहे. पण एखाद्या जिल्ह्यात अमुक लाख कुणबी होते, यावरून आज दारात उभा असलेला अर्जदार त्यांतल्या कोणाचा पणतू, हे ठरत नाही. जात पडताळणीला व्यक्ती लागते, नाते लागते. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या दिनांकांपूर्वीचा नावानिशी पुरावा मागितला जातो, तो यासाठी. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या अंमलबजावणीसाठी निघालेल्या शासन निर्णयानेही गावपातळीवर चौकशीची समिती आणि नात्यातील व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र असा मार्ग घातला. गॅझेटिअरमधील आकडा थेट दाखल्यात रूपांतरित झाला नाही.

मग नावे कोठे आहेत? ती आहेत गावच्या दप्तरात. यांतील पहिला महत्त्वाचा कागद जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. जन्मलेल्या किंवा मेलेल्या माणसाचे नाव, बापाचे नाव, जात आणि तारीख एका ओळीत. मृत्यूच्या नोंदीत कारणही असते. 'ताप' हे कारण १९१८च्या हिवाळ्यात पानामागून पान दिसावे, यात नवल नाही. दुसरा कागद शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. यात जन्मठिकाण आणि आधीची शाळा हे रकाने असल्याने स्थलांतर शोधण्यासाठी याच्याइतका सोयीचा कागद नाही. भावंडांचे दाखले वेगवेगळ्या गावच्या शाळांतून काढले की इंग्लंडच्या पत्रकांतील मुलांच्या जन्मगावांसारखीच वाट उलगडत जाते. तिसरा गट जमिनीच्या कागदांचा: हक्कनोंदणी, फेरफार, पाहणीपत्रक, खासरापत्रक, कुळांची नोंदवही. मात्र ज्याच्याकडे जमीन नव्हती तो या कागदांत फारसा दिसत नाही. बलुतेदाराचे नाव वतनाच्या कागदात मिळू शकते. पण शेतमजुराचे आणि वर्षाला गाव बदलणाऱ्या भटक्यांचे काय? भटक्या-विमुक्तांतील कित्येक अर्जदार पुराव्याअभावी अडतात ते येथेच. ज्यांनी सर्वांत जास्त प्रवास केला त्यांची नोंद सर्वांत कमी झाली, आणि तारखेपूर्वीचा पुरावा मागणारा नियम त्यांच्याकडूनही तोच कागद मागतो.

आडनावाचा भरवसा धरू नये. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतेच. देशावर 'रामजी बिन बाळाजी', तर मराठवाडा, खानदेश, वऱ्हाडात 'रामा वल्द कृष्णा' असे लिहिलेले असते. एका गावात तीन रामा वल्द कृष्णा सहज सापडतात. त्यांतला आपला कोणता, हे जमिनीच्या गट-सर्व्हे क्रमांकावरून किंवा भावाच्या नावावरून ठरवावे लागते. स्थलांतर केलेल्यांनी परगावी मूळ गावाचे नाव आडनाव म्हणून लावले, तर गावात राहिलेल्या शाखेचे आडनाव दुसरेच.

लिपी आणि कालगणना हे पुढचे अडथळे. जुने मराठी कागद मोडीत, निजामाचे उर्दूत, त्याआधीचे फार्सीत. निजामाच्या मुलुखात फसली सन चाले. त्यात ५९० किंवा ५९१ मिळविले की इसवी सन येतो. फसली १३३१ म्हणजे १९२१-२२. पेशवाईच्या कागदांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. वर्षाच्या या हिशेबात चूक झाली तर बाप मुलापेक्षा लहान ठरतो. मोडी वाचणाऱ्यांची संख्या इतकी थोडी उरली होती, की २०२३मध्ये तपासणी सुरू झाली तेव्हा जिल्हा कार्यालयांना जाणकार शोधत फिरावे लागले.

परगावी गेलेल्यांचे आणखी दोन माग आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाचे मूळ गाव, हल्लीचा मुक्काम, बरोबर आलेल्यांची नावे आणि मागच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. हा कागद सरकारी नाही आणि सर्व जातींना तेथे सारखी जागाही नव्हती, तरी गाव सोडल्याचा अंदाज त्यावरून चांगला बांधता येतो. दुसरा माग समुद्रापलीकडचा. १८३४पासून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटिया मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. प्रत्येक मजुराची नोंद तेथे उतरताच क्रमांकासह केली गेली: नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, शरीरावरील खुणा. ती दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि मॉरिशसचे मराठी त्यांवरून कोकणातील आपले गाव शोधतात. घरी राहिलेल्या भावाची खानेसुमारीची चिठ्ठी सरकारने टाकून दिली आणि परदेशी विकलेल्या श्रमाची नोंद मात्र जपली गेली.

१९५१चे रजिस्टर

खानेसुमारीचे नावानिशी उतरविलेले एकच मोठे दप्तर स्वतंत्र भारतात झाले. १९५१च्या जनगणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावनिहाय 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' तयार करण्यात आले. त्यात घर क्रमांक, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय आणि उपजीविकेचे साधन आहे. आसाममध्ये नागरिकत्वाची यादी नव्याने करताना हेच रजिस्टर आधार म्हणून घेतले गेले आणि त्यातील एका नावावर संपूर्ण कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहिले. महाराष्ट्रातही कुणबी नोंदींच्या शोधात जे महसुली अभिलेख तपासायचे ठरले त्यांत याचा समावेश आहे. सर्व गावांच्या प्रती टिकलेल्या नाहीत. ज्या आहेत त्या तहसील किंवा उपविभागीय कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, कसर लागलेल्या गठ्ठ्यांत. शोध घेणाऱ्याने अर्जात 'जनगणनेची नोंद' असे मोघम न लिहिता या रजिस्टरचे पूर्ण नाव, गाव आणि जुना तालुका लिहिला तर कारकुनालाही गठ्ठा ओळखता येतो.

जनगणनेची नोंद असे म्हटले की अर्ज फेटाळला जाण्याला कायदेशीर कारणही आहे. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेत भरलेली पत्रके कोणालाही पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून ती ग्राह्य धरली जात नाहीत. ब्रिटनसारखी शंभर वर्षांची किंवा अमेरिकेसारखी ७२ वर्षांची मुदत त्या कलमात नाही. माहिती देणाऱ्याने निर्धास्तपणे द्यावी, हा हेतू असला तरी ही गोपनीयता कायमची आहे.

१९३१नंतर सर्व जातींचे तक्ते पुन्हा छापले गेले नाहीत. १९४१मध्ये युद्धामुळे काम आटोपते घेतले गेले आणि १९५१पासून अनुसूचित जाती-जमाती वगळता जातवार मांडणीच बंद झाली. २०२१ची जनगणना महासाथीमुळे झाली नाही. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी पुढील जनगणनेत जात नोंदविण्याचा निर्णय घेतला आणि जूनमधील अधिसूचनेने तिच्यासाठी देशाच्या बहुतेक भागात १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविला. ही गणना कागदाऐवजी मोबाइल उपकरणांवर करण्याचे ठरले आहे. चिठ्ठ्यांचे गठ्ठे जागा अडवितात म्हणून ते जाळण्याची गरज या वेळी पडणार नाही. ती नावे, ते धंदे आणि ती जन्मगावे आणखी शंभर वर्षांनी कोणाला पाहता येतील की नाही, याविषयी कायद्यात आजही एक ओळ नाही.